पागोळ्या गोठतात तेव्हा

 

वैशाख सरत आलाय. आमच्याकडे कोयनेच्या काठाला ज्येष्ठ लागायच्या आत शाकारणी आटपावी लागते, नाहीतर चार महिने घरात भांडी मांडून बसायची वेळ येते. आता कौलं कमी राहिली, पत्रे जास्त झाले, तरी शब्द मात्र शाकारणीच राहिलाय. तर अशा दिवसांत आम्ही तुम्हाला पावसाच्या नाही, बर्फाच्या छपराबद्दल सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, या बायकांना ऊन लागलं काय! थोडं ऐका.

आमच्या गटात एक मावशी आहेत. वय साठीच्या पुढचं, चार बुकं शिकलेल्या, गटाच्या सुरुवातीपासूनच्या सभासद. त्यांची लेक लग्नानंतर अमेरिकेत गेली. बफेलो नावाच्या गावाला जावयाची नोकरी. गाव कसलं, मोठं शहरच ते. गेल्याच्या गेल्या दिवाळीच्या सुमाराला मावशी लेकीच्या बाळंतपणाला तिकडं गेल्या आणि सहा महिने राहून आल्या. परत आल्यावर आम्ही सगळ्या त्यांच्या ओसरीवर जमलो. आम्हाला वाटलं, आता विमानाच्या आणि बाजाराच्या गोष्टी ऐकायला मिळणार. मावशींनी पहिल्यांदा काय सांगितलं असेल? म्हणाल्या, "बायांनो, मी सहा महिन्यांत सगळ्यात जास्त बघितलं ते छप्पर."

त्यांच्या तोंडून ऐकलेलं अर्धं कळलं, अर्धं नाही. मग गटाच्या बैठकीत लेकीला दोनदा व्हिडिओ कॉल लावला, वही घेऊन बसलो आणि विचारून विचारून समजून घेतलं. आज सांगतोय ते त्या वहीतलं.

बफेलो शहर ईरी नावाच्या सरोवराच्या पूर्वेच्या टोकाला आहे. सरोवर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं धरणाचं पाणी येतं. पण हे सरोवर सुमारे ३८८ किलोमीटर लांब, म्हणजे जवळजवळ मुंबईहून कोल्हापूरला यायच्या रस्त्याएवढं. पलीकडचा काठ दिसत नाही. तिकडं अशी पाच मोठी सरोवरं आहेत, त्यातलं हे सगळ्यात उथळ.

आता बर्फ एवढा का पडतो ते ऐका, कारण आपल्या घाटातल्या पावसाशी त्याचं नातं आहे. उन्हाळाभर सरोवराचं पाणी तापलेलं असतं. नोव्हेंबरात हवा एकदम गार पडते, पण पाणी काही लगेच गार होत नाही. आपल्याकडं थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं ना, तसंच. मग पश्चिमेकडून गार, कोरडा वारा येतो, त्या कोमट पाण्यावरून शेकडो किलोमीटर वाहत जातो आणि वाफ उचलत जातो. काठ आला, जमीन आली की ती सगळी वाफ बर्फ होऊन खाली. तीही कशी, तर एका पट्ट्यात. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि तिकडं पूर्वेला माणदेशात धूळ उडते, तसंच तिथं शहराच्या एका अंगाला ऊन पडलेलं आणि दुसऱ्या अंगाला दाराएवढा बर्फ. २०१४ च्या नोव्हेंबरात शहराच्या दक्षिण अंगाला एका आठवड्यात काही ठिकाणी सात फुटांच्या आसपास बर्फ पडला होता. काही छपरं त्या ओझ्यानं बसली. २०२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा तसंच, ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग या भागांत सहा फुटांच्या वर. एरवी वर्षभराचा सगळा धरला तर बफेलोत सरासरी आठ फुटांच्या आसपास पडतो. आणि गंमत म्हणजे सरोवर गोठलं की हा बर्फ कमी होतो. पाण्यावर झाकण बसलं, मग वाफ कुठली!

मावशी गेल्या त्या साली फार मोठं वादळ आलं नाही. तरी नोव्हेंबरच्या शेवटाला एका सकाळी दार उघडलं तर पायरी दिसेना. मावशी म्हणाल्या, "पहिला दिवस देवाच्या घरी आल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी वर बघितलं आणि मनात आलं, हे एवढं सगळं आपल्या डोक्यावर आहे."

आमच्यातल्या एकीनं लगेच विचारलं, बर्फ तर कापसासारखा, त्याचं वजन ते किती? लेकीनं हिशेब सांगितला आणि आम्ही तो आपल्या पोत्यांत मांडून बघितला. दहा बाय दहाची खोली धरा. ताजा, कोरडा बर्फ एक फूट पडला तर त्यात साधारण एक इंच पाणी असतं. दहा बाय दहावर एक इंच पाणी म्हणजे अंदाजे २३५ किलो. पन्नास किलोची पाच पोती म्हणा. हे चालतं. पण तोच बर्फ आठवडाभर राहिला, दबला, वरून आणखी पडला, तर चारेक इंचातच तेवढं वजन भरतं. म्हणजे दबलेला फूटभर बर्फ झाला चौदा पोती आणि दोन फूट झाला अठ्ठावीस. एका खोलीवर! त्यात मधेच पाऊस आला तर बर्फ ते पाणी फडक्यासारखं पिऊन बसतो, ते ओझं वेगळंच. म्हणून तिथल्या घरांचं लाकूड हे ओझं धरूनच लावलेलं असतं. किती धरायचं ते भागाभागाच्या नियमात लिहिलेलं आहे. आपल्याकडं सुतार हातानं वासा चाचपून "चालंल" म्हणतो, तसं चालत नाही.

घर लाकडाच्या चौकटीचं, छप्पर दोन पाख्यांचं, उतरतं. वर कौल नाही, पत्रा नाही. लाकडी फळकुटं ठोकून त्यावर एक काळं, जाड कापड आणि त्यावर शिंगल. शिंगल म्हणजे डांबर आणि बारीक खडी बसवलेल्या पातळ पट्ट्या, एकीवर एक चढवत खालून वर खिळ्यांनी मारत न्यायच्या. मावशींना ते माशाच्या खवल्यासारखं दिसलं. आम्हाला फोटोत कौलांसारखंच दिसलं. कौलाचं जे सूत्र तेच शिंगलचं. पाणी वरून खाली वाहत राहिलं तर थेंब आत येणार नाही. पण पाणी थांबलं, किंवा खालून वर चढलं, की आत आलंच. आपल्याकडं वारा उलटा मारतो तेव्हा चांगली कौलंही गळतात, ते याचमुळं. हे डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग पत्रे का नाही घालत, हा आमचा ठरलेला प्रश्न. घालतात. चांगला जाड, रंगवलेला, खिळा न दिसणारा पत्रा महाग पडतो, पण टिकतो आणि त्यावरून बर्फ घसरून जातो. पण घसरतो म्हणजे हळूहळू नाही. थोडं ऊन लागलं की अख्ख्या पाख्यावरचा बर्फ एका झटक्यात खाली येतो. खाली दार असेल, गाडी असेल, माणूस असेल. म्हणून पत्र्यावर आडव्या पट्ट्या किंवा छोटे अडसर लावतात, बर्फ अडून राहावा आणि तुकड्या-तुकड्यानं उतरावा म्हणून. लेकीच्या घराला मागच्या बाजूला एक पडवी आहे, तिच्यावर पत्रा होता आणि अडसर नव्हते. त्या पडवीची गोष्ट पुढं सांगतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नातू झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. कोपऱ्यातली खोली बाळंतिणीची केली. मावशींनी आपल्या रीतीप्रमाणं रोज सकाळी लेकीला कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं ठरवलं. तिथं न्हाणीघर घराच्या मधोमध, खिडकी नाही, वर एक पंखा. वाफ झाली की पंखा लावायचा, तो वाफ ओढून घेतो. मावशी तासभर पंखा चालू ठेवायच्या. आई न्हायची, मग बाळ न्हायचं, मग दुपटी पिळून तिथंच वाळत.

पंधरा दिवसांत छपराच्या कडेला पागोळ्या दिसायला लागल्या. आपल्या पागोळ्या गळतात, तिथल्या गोठतात. आधी बोटाएवढ्या, मग हाताएवढ्या, मग जमिनीकडं भाल्यासारख्या लोंबणाऱ्या. सकाळच्या उन्हात काचेच्या झुंबरासारख्या चमकायच्या. मावशींनी फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाकला होता. आम्ही सगळ्यांनी हात जोडलेले, फुलं, अंगठे काय काय पाठवलं होतं! आम्हाला काय ठाऊक, ती आजाराची खूण आहे.

जानेवारीत एका पहाटे मावशी बाळाला घेऊन बसल्या असताना गालावर थेंब पडला. वर बघितलं तर पांढऱ्या छताला ताटाएवढा पिवळा डाग. बाहेर तर पाऊस नाही. सगळं गोठलेलं. मग पाणी आलं कुठून?

हेच आम्हाला समजून घ्यायला वेळ लागला, म्हणून सावकाश सांगतो. घर आतून गरम ठेवलेलं असतं. ती ऊब वर चढते आणि छताच्या फटींतून माळ्यावर जाते. माळा गरम झाला की छपराची फळी गरम होते आणि बर्फाचा फळीला लागलेला थर खालच्या खाली वितळतो. वरून बर्फ जसाच्या तसा दिसतो, आतून पाणी सुटलेलं असतं. ते पाणी उतारानं वळचणीकडं वाहतं. आता वळचण भिंतीच्या बाहेर आलेली, तिच्याखाली घर नाही, ऊब नाही. तिथं पाणी पोचलं की गोठलं. आज थोडं, उद्या थोडं. असं करत कडेला बर्फाचा बांध तयार होतो. शेताच्या बांधासारखाच. आणि बांध घातला की मागं पाणी तुंबणारच. ते तुंबलेलं पाणी शिंगलच्या खालून वर सरकतं, खिळ्याच्या भोकातून फळीत, फळीतून छतात, छतातून मावशींच्या गालावर. पागोळ्या म्हणजे त्या बांधाचं टोक. मोठ्या, सुंदर पागोळ्या म्हणजे घराची ऊब छपरातून पळून चाललीय, असा अर्थ.

जावईबापू तरुण माणूस, हातोडी घेऊन शिडी लावायला निघाले. शेजारच्या आजींनी खिडकीतूनच हात हलवून थांबवलं. गोठलेली शिंगल काचेसारखी ठिसूळ होते, हातोडीनं बांध फुटेल तशी शिंगलही फुटते. आणि बर्फावर शिडी लावून डोक्यावरची शंभर किलोची लादी सोडवायची म्हणजे जिवाशी खेळ. त्या आजींनी दोन गोष्टी शिकवल्या. एक, लांब दांड्याचं छपराचं फावडं असतं, जमिनीवर उभं राहून वळचणीजवळचा तीन-चार फूट बर्फ ओढून काढायचा. बर्फच नाही तर बांध कशाचा धरणार? दुसरी ऐकून आम्ही पोट धरून हसलो. बायकांचा लांब नायलॉनचा पायमोजा घ्यायचा, त्यात कॅल्शियम क्लोराइडचे खडे भरायचे आणि तो बांधावर आडवा न ठेवता उभा, वरून खाली असा टाकायचा. खडे बर्फ वितळवतात, बांधाला चर पडतो आणि मागचं तुंबलेलं पाणी त्या चरातून निघून जातं. साधं मीठ घालायचं नाही, त्यानं पन्हळ गंजते आणि खालची झाडं मरतात. लेकीचा पायमोजा छपरावर, असा फोटो मावशींनी ग्रुपवर टाकला नव्हता. का ते आम्हाला आत्ता कळलं.

पाणी थांबलं. पण डाग राहिला आणि लेकीच्या जिवाला घोर लागला.

चौथ्याच दिवशी एक माणूस दारात आला. छपराची कामं करतो म्हणाला. रस्त्यावरूनच वर बघितलं, मान हलवली आणि सांगितलं, अख्खं छप्पर गेलंय, सगळं काढून नवीन घालावं लागेल. जावयाच्या पाच महिन्यांच्या पगाराएवढा आकडा सांगितला. आज अर्धे दिले तर भाव कमी करतो, उद्या तो भाव मिळणार नाही. मैत्रिणींनो, ही भाषा ओळखीची वाटली ना? लेक ओली बाळंतीण, छत गळतंय, बाळ त्याच खोलीत. ती सही करायला तयार झाली होती. मावशींना इंग्रजी येत नाही. त्यांनी लेकीला मराठीत एवढंच विचारलं, "अगं, हा वर चढला नाही, आत आला नाही, मग याला कळलं कसं?"

तो माणूस कागदावर काही लिहून द्यायला तयार होईना. त्यावरून जावयानं चौकशी केली. न्यूयॉर्क राज्यात, म्हणजे बफेलो ज्या राज्यात आहे तिथं, घरदुरुस्तीचं काम ५०० डॉलरच्या वर असेल तर करार लेखी पाहिजे, असा कायदा आहे. आणि सही केल्यावरही कामाचे तीन दिवस जाईपर्यंत घरमालकाला तो करार मोडता येतो. हे ऐकल्यावर आमच्या बैठकीत एक मिनिट शांतता होती. घरकुलाच्या वेळी मिस्त्रीला तोंडी बोलीवर पैसे दिलेल्या चौघी तिथं बसल्या होत्या.

दुसरा माणूस शेजारच्या आजींनी सुचवला. म्हातारा, कमी बोलणारा. आल्या आल्या त्यानं विचारलं, माळ्यावर जायचं दार कुठं आहे? छपराकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. बॅटरी घेऊन माळ्यावर गेला आणि पंधरा मिनिटांनी जावयाला वर बोलावलं. फळीतून खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरं दव गोठलेलं, ओळीनं, जसे काही तांदूळ चिकटवलेत. त्यानं बॅटरी फिरवली. न्हाणीघरातल्या पंख्याचं नळकांडं बाहेर काढलेलंच नव्हतं, माळ्यावर नुसतं तोंड उघडं टाकून दिलेलं. ज्यानं कुणी आधी बसवलं त्यानं तेवढे कष्ट वाचवले होते. म्हणजे मावशी रोज सकाळी तासभर जी कढत वाफ बाहेर घालवतोय म्हणून पंखा लावत होत्या, ती सगळी सरळ छपराच्या पोटात जात होती. मावशी सांगतात, "बाळंतिणीच्या अंघोळीनं छप्पर गळवलं म्हणायचं की गं!" अंघोळीचा दोष नव्हता, पण भर मात्र पडली.

आणखी दोन गोष्टी निघाल्या. माळ्याच्या दाराभोवती बोटभर फट होती, त्यातून घरातली ऊब सरळ वर. आणि वळचणीखाली हवा आत यायची जी जाळी असते, ती आतून इन्सुलेशननं बुजलेली. इन्सुलेशन म्हणजे ऊब धरून ठेवणारा कापसासारखा जाड थर, तो छताच्या वर, माळ्याच्या जमिनीवर पसरतात. गोधडीच म्हणा. गोधडी माणसाच्या अंगावर पाहिजे. इथं ती काही ठिकाणी विरळ आणि कडेला हवेचं तोंड बंद करून बसलेली.

तर उपाय काय केला? न्हाणीघराचं नळकांडं बाहेर काढलं. फटी बुजवल्या. दाराला रबरी पट्टी लावली. गोधडी जाड केली आणि कडेला मागं सारली, म्हणजे वळचणीखालून गार हवा आत येईल, छपराच्या फळीला लागून वर जाईल आणि आढ्याजवळच्या फटीतून बाहेर पडेल. आम्ही विचारलं, अहो एवढ्या थंडीत गार हवा मुद्दाम आत घ्यायची? हो. घर गरम ठेवायचं आणि छप्पर गार ठेवायचं. छप्पर गार राहिलं तर बर्फ आपला गुमान वर पडून राहतो, वितळत नाही, बांध धरत नाही. हे आम्हाला तीनदा समजावून घ्यावं लागलं. एकदा पटल्यावर मात्र बफेलोच्या छपराचं सगळं शास्त्र त्यातच आहे असं वाटलं. या सगळ्या कामाला पहिल्या माणसाच्या आकड्याच्या दहावा हिस्साही लागला नाही.

छपराचं काही काम उरलं होतं, ते उन्हाळ्यात केलं. वळचणीजवळच्या शिंगल काढून खाली चिकटणारा जाड पडदा लावला. तो खिळ्याभोवतीही घट्ट बसतो, म्हणून चुकून बांध धरलाच तर पाणी आत जात नाही. तिथल्या बांधकामाच्या नियमात आहे की हा पडदा छपराच्या कडेपासून बाहेरच्या भिंतीच्या आत निदान २४ इंच पोचला पाहिजे. जुन्या घराला तो नव्हताच. हे काम त्याच म्हाताऱ्याला दिलं. करारात काय काय लिहिलं होतं ते लेकीनं वाचून दाखवलं. जुनं काढून कोण नेणार, सडकी फळी निघाली तर फुटाला किती, कडेची पत्र्याची पट्टी धरून की वेगळी, पैसे कधी किती. शेवटचा हप्ता काम बघून झाल्यावर.

आता पडवीची गोष्ट. ही मावशी कधी हसत सांगत नाहीत.

बाळ तीन आठवड्यांचं असेल. दिवसा ऊन पडलं होतं. दुपारी मागच्या पडवीच्या पत्र्यावरून बर्फाचा लोट धडाडकन खाली आला. कुणी खाली नव्हतं, म्हणून सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि विसरून गेले. रात्री दोनच्या सुमाराला भिंतीवरचं एक छोटं डबडं कर्कश ओरडायला लागलं. मावशींना वाटलं बाळाच्या पाळण्याचं यंत्र असेल. जावई उठले आणि क्षणात त्यांचा चेहरा बदलला. "आई, बाळाला घ्या, बाहेर चला." स्वेटर नाही, चप्पल नाही. मावशींनी बाळाला गोधडीत गुंडाळलं आणि पोटऱ्याएवढ्या बर्फातून शेजारच्या आजींच्या दारात गेल्या. अग्निशामक दलाची माणसं आली, यंत्रानं घरातली हवा मोजली.

झालं होतं असं. घर गरम करणारी गॅसची भट्टी असते, तिच्या धुराचं नळकांडं मागच्या भिंतीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर बाहेर काढलेलं. दुपारी पत्र्यावरून घसरलेला बर्फ नेमका त्यावर साचला होता. धुराला बाहेर जायला वाट नाही, तो घरात फिरला. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस झोपेतच जातो. त्या डबड्याचं काम फक्त तो वायू ओळखून ओरडायचं. तेव्हापासून त्या घरी बर्फ पडला की पहिलं काम रस्ता मोकळा करायचं नाही, ते नळकांडं मोकळं करायचं. पडवीला अडसरही लावून घेतले.

मावशी गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "मी लेकीशी पहिल्या दिवशी भांडले होते. म्हटलं, शेक-शेगडीशिवाय कसलं बाळंतपण? ती म्हणाली, आई, बंद खोलीत निखारे नाही ठेवायचे. मला राग आला होता."

मैत्रिणींनो, इथं आम्ही सगळ्या एकमेकींकडं बघत राहिलो. आपल्याकडं पौषात बाळंतीण असली की दार बंद, खिडकीला गोणपाट आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. रात्रभर. निखारा फुलला, धूर गेला की आपल्याला वाटतं आता काही भीती नाही. पण हा वायू धूर नसलेल्या निखाऱ्यातूनही निघतो, तोच वायू, आणि आपल्या भिंतीवर ओरडणारं डबडं नाही. आमच्या पंचक्रोशीत एक बाळंतीण आणि तिची सासू सकाळी उठल्या नव्हत्या. लोक म्हणाले, बाहेरचं काहीतरी झालं. आमच्या गटातल्या दोघी त्या घरच्या नात्यातल्या आहेत, त्या बैठकीत खूप रडल्या. आता आमच्याकडं शेक द्यायचा तर दार उघडं ठेवून, माणूस जागं असताना, आणि झोपायच्या आधी शेगडी अंगणात. आशाताईंनाही आम्ही हे प्रत्येक गरोदर बाईच्या घरी सांगायला सांगितलंय.

छपराचा एक किस्सा राहिला. यंदा पौषातच आमच्या एका सभासदानं चाळीस हजारांचं कर्ज मागितलं, पत्रे बदलायला. पत्रे सहाच वर्षांचे. म्हणाली, पहाटे अंथरुणावर थेंब पडतात, जे-हूकच्या भोकांतून दव आत येतंय, वायसर कुजलेत. कर्ज मंजूर होणार तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "आधी आत जाऊन बघू." पहाटे पाचला आम्ही तिघी बॅटरी घेऊन गेलो. हूक नाही तिथंही पत्रा आतून सगळा ओला, हात फिरवला तर ओंजळभर पाणी. त्याच खोलीत अंघोळीचं पाणी तापवायची चूल, आणि थंडी नको म्हणून आढ्याखालची दोन्ही बाजूंची तोंडं प्लास्टिकच्या पोत्यांनी गच्च बुजवलेली. वाफेला जायला जागाच नाही, ती गार पत्र्याला लागून थेंब धरत होती. पत्र्याला घाम सुटला होता. पोती काढली, तिथं जाळी बसवली, चूल मागच्या पडवीत नेली. जाळी, सिमेंट आणि गवंड्याची एका दिवसाची मजुरी एवढाच खर्च. अगदी कडाक्याच्या पहाटे अजून थोडा ओलावा धरतो, तो गेला नाही. पण अंथरूण कोरडं राहतं. चाळीस हजारांचं कर्ज तिनं मागं घेतलं आणि आता शेळ्यांसाठी पंधरा हजारांचं मागितलंय, ते येत्या बैठकीत ठरेल.

तेव्हापासून आमच्या गटात छपरासाठी कर्ज मागितलं की दोघीजणी आधी घरी जाऊन आतून बघतात आणि वहीत लिहितात. पाणी कुठं दिसतं, कधी दिसतं, पाऊस नसताना दिसतं का, चूल कुठं आहे. काहीजणींना राग येतो. आमच्या घरात डोकावता म्हणतात. येऊ दे. नातेवाइकांच्या घरी मात्र आम्ही दुसऱ्या वाडीतल्या बायकांना पाठवतो, नाहीतर भांडणं मिटवण्यातच शाकारणीचे दिवस जातील.

लेकीच्या घराला मधे एक हिवाळा गेला. बर्फ बऱ्यापैकी पडला. मावशी दर रविवारी व्हिडिओ कॉल लावतात आणि नातवाला बघायच्या आधी म्हणतात, "बाई, फोन जरा बाहेर ने, वळचण दाखव." यंदा कडेला बोटाएवढ्या दोन-चार पागोळ्या धरल्या होत्या, उन्हानं गळून गेल्या. माळ्यावरच्या खिळ्यांवर दव नव्हतं.

तुमच्या गटातलं कुणी गारठ्याच्या मुलखात राहून आलं असेल, किंवा तुमच्याही पत्र्याला थंडीत घाम सुटत असेल, तर केंद्रावर निरोप ठेवा, आम्ही बोलू. आमच्याकडं उद्यापासून आढ्यावर चढायचंय, आभाळ भरून यायला लागलंय. नमस्कार.